ऑफिसपर्यंत जाणारा आवाज

गोदामात चार वर्ग होते, तीन पार्टिशनं, चार फळे, सहा पंखे, आठ ट्यूबलाइट (त्यांतल्या पाच चालू) आणि पटावर एकशे एक्याऐंशी मुलं. गोदाम एकशे चार फूट लांब आणि बावीस फूट रुंद. पूर्वी तिथं हळदीची पोती रचायचे. फरशीच्या फटींत अजून पिवळी भुकटी होती आणि वर्ग झाडला की ती मुलांच्या पांढऱ्या मोज्यांना लागायची. नवीन इमारतीचं बांधकाम जोत्यावर थांबलेलं होतं, म्हणून सातवी ते दहावी इथं भरायची. पार्टिशनं प्लायवूडची, सात फूट उंच. छताचा पत्रा एकोणीस फुटांवर. मधल्या बारा फुटांत आवाजाला अडवणारं काहीच नव्हतं.

पश्चिमेच्या टोकाला ऑफिस. त्याला लागून सातवी, मग माझी आठवी, मग मगदूम सरांची नववी आणि शेवटी दहावी. चारही फळे पश्चिमेला टांगलेले, त्यामुळे सगळी मुलं ऑफिसकडे तोंड करून बसायची.

त्या गुरुवारी, जानेवारीत, तिसऱ्या तासाला मी आठवीला ध्वनी शिकवत होते. आवाज पसरायला माध्यम लागतं, निर्वातात तो जात नाही, असं सांगत होते. खरं म्हणजे ओरडत होते. पार्टिशनच्या पलीकडून मगदूम सरांचा भूगोल येत होता, इकडून सातवीच्या शेटे बाईंचं इंग्रजी. मी "निर्वात" म्हणायला तोंड उघडलं आणि फक्त हवा बाहेर आली.

मी घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, पोट आत गेलं. आवाज नव्हता. दुखतही नव्हतं. बटण बंद केल्यासारखं होतं ते.

पुढच्या बाकावरचा पार्थ हसला. त्याला वाटलं, मी निर्वाताचं प्रात्यक्षिक करून दाखवतेय.

"भारी, मॅडम," तो म्हणाला.

मी मान हलवली, हात हलवले. मग पुढच्या तीन रांगा गप्प झाल्या. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मागच्या रांगांत मात्र काहीच बदललं नाही. तिथली मुलं आधी बसली होती तशीच बसून होती, माना किंचित एका बाजूला केलेल्या, जणू मी अजून बोलतेच आहे. हे मी पाहिलं. पण तेव्हा त्याचा अर्थ लावायच्या अवस्थेत मी नव्हते.

*

सांगलीत घशाच्या डॉक्टरांनी आधी एक सोपी परीक्षा घेतली. हातात घड्याळ धरलं आणि म्हणाले, "पूर्ण श्वास घ्या आणि 'आ' म्हणा. जोर लावू नका. जेवढा वेळ टिकेल तेवढा."

एक घोगरा, फाटका आवाज निघाला आणि विरला.

"चार सेकंद," ते म्हणाले. "तुमच्या वयाला पंधरा तरी हवेत. करता काय?"

"शिकवते," मी कुजबुजले.

"कुजबुजायचं नाही. त्यानं जास्त ताण येतो. मान हलवा फक्त. किती तास?"

मी सात बोटं दाखवली.

नळीला लावलेला कॅमेरा घशात गेला आणि पडद्यावर माझे स्वरतंतू दिसले. पुस्तकातल्या चित्रात ते मोत्यासारखे पांढरे असतात. माझ्या दोन्ही तंतूंवर समोरासमोर एकेक गाठ होती आणि उजवा तंतू लालभडक झाला होता.

"हमालाच्या हाताला घट्टे पडतात ना, तशा या गाठी. त्या वर्ष-दोन वर्षांच्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणि हा लाल भाग म्हणजे रक्त साकळलंय. ते आजचं. दोन आठवडे एक शब्द नाही. फोनवर नाही, देवासमोर नाही. त्यानंतर बोलायचं कसं ते शिकायला इथं यायचं. आणि पुन्हा असंच शिकवायचं असेल तर मला आत्ताच सांगा, कारण मग शाळा ठेवायची की आवाज, हे तुम्हाला ठरवावं लागेल."

माझं वय सव्वीस होतं. मी पडद्यावरून नजर काढू शकले नाही. दोन वर्षं ते माझ्या गळ्यात होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी शिक्षणसेवक होते, तिसऱ्या वर्षाला. तीन वर्षं मानधनावर काढायची. तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत मुख्याध्यापकांचा शेरा जातो. तो बरा गेला तर कायम, नाहीतर पिशवी उचलायची. आमच्या मुख्याध्यापिका उपाध्ये मॅडम. वर्गात येऊन पाठ बघायला त्यांना वेळ नसायचा. त्या ऑफिसात बसून ऐकायच्या. कोणत्या वर्गातून शिकवण्याचा आवाज येतोय आणि कोणत्या वर्गातून नाही, यावर त्यांचं सगळं मत ठरायचं. रुजू झाल्यावर महिन्याभरानं त्या मला म्हणाल्या होत्या, "बिरनाळे, तुझा आवाज येत नाही गं ऑफिसपर्यंत. वर्गात झोपतेस की काय?" पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "हां, आता येतो." त्या वाक्याचा मला फार आनंद झाला होता.

मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"दोन आठवडे रजा? आणि आठवी कोण बघणार, मी? माणूस कुठाय आपल्याकडे?" मग माझा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. "हे बघ, संज्योत. रजा घेऊ नकोस. शेऱ्याच्या तोंडावर रजा बरी दिसत नाही. येऊन बस नुसती. पोरांना धडे लिहायला लाव. पण फेब्रुवारी अखेर मला तुझा आवाज ऐकू यायला पाहिजे. तो आला नाही तर मी काय लिहू, तूच सांग."

सांगता येत नव्हतंच.

*

मी एक पाटी घेतली. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. फळ्यावर लिहून ठेवलं की बाईंचा घसा बसलाय, पान अमुक ते तमुक वाचून प्रश्न सोडवा. पार्थला समोर उभं राहून धडा मोठ्यानं वाचायला सांगितलं, कारण त्याचा आवाज वर्गात सगळ्यांत खणखणीत. आणि मी मागं जाऊन बसले, शेवटच्या बाकावर, नाझनीन मुजावरच्या शेजारी. पुढं बसून मुलांकडे मुक्यानं बघत राहायची मला लाज वाटत होती, एवढंच कारण.

त्या वर्गावर दीड वर्षाहून जास्त शिकवत होते, पण त्या बाकावर मी आजवर बसले नव्हते.

पार्थ वाचत होता. त्याचं तोंड हलताना दिसत होतं. ऐकू येत होतं ते वेगळंच.

"म्हणजे जपानहून निघालेलं जहाज पूर्वेकडे चाललंय," मगदूम सर सांगत होते, अगदी माझ्या पाठीमागे उभं राहून सांगावं तसे. "आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. आज वार रविवार. ओलांडल्यावर वार कोणता?"

नववीत कुणीतरी चुकीचं उत्तर दिलं.

"रविवारच," नाझनीन पुटपुटली. वहीत फूल काढत होती ती, मानही वर केली नाही.

मी तिच्याकडे बघितलं.

"सोमवार कसा होईल रे?" पलीकडून सर म्हणाले. "पूर्वेला जाताना तोच वार पुन्हा धरायचा."

नाझनीन मुजावर. पहिल्या घटक चाचणीत विज्ञानात वीसपैकी तीन, दुसऱ्या चाचणीत दोन. तिच्या अब्बांना मी बोलावून घेतलं होतं. ते फळांच्या गाड्यावरून तसेच आले होते, हात पुसत. "पोरगी घरात तर लई बोलती मॅडम, हितं काय हुतंय कळंना," असं म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं होतं की तिचं लक्ष नसतं.

मी पाटीवर लिहिलं: पश्चिमेला गेलं तर?

तिनं वाचलं. घाबरली. "सोमवार," म्हणाली. "एक वार पुढं."

का?

"पृथ्वी फिरती ना मॅडम. कुठंतरी दिवस सुरू झाला असं धरायला पायजे. म्हणून ती रेघ. जमिनीवरनं न्हाई काढली, समुद्रातनं काढल्या, वाकडी. नायतर एकाच गावात दोन वार झालं असतं."

हा नववीचा धडा होता. ती आठवीत होती. मी पुसून लिहिलं: तुला कसं माहीत?

"रोजच ऐकते की."

तिच्या पुढच्या बाकावरची दोघं वळून बघत होती. मी पाटी त्यांच्याकडे फिरवली. ऋषिकेश म्हणाला, "मला भूकंपाचं येतंय सगळं. ज्वालामुखीचं पण." दुसरा म्हणाला, "सरांचा इतिहास पण येतोय, पण सनावळ्या न्हाईत."

मी पाटी स्वच्छ पुसली. काय लिहायचं ते कळायला वेळ लागला. शेवटी लिहिलं: आणि मी शिकवते ते?

तिघं एकमेकांकडे बघायला लागली.

मी प्रश्नाखाली रेघ ओढली.

"तुम्ही वरडता ते ऐकू येतंय," नाझनीन म्हणाली. "शब्द लागत न्हाईत."



"आमाला वाटायचं, तुमी रागावलाय," ऋषिकेश म्हणाला. "आधी आधी."

कधीपासून?

"जूनपासनं."

मी लिहिलं: मी रोज विचारते, ऐकू येतंय का, कळलं का. सगळे हो म्हणता.

"सगळे म्हणत्यात म्हणून आमी पण," तो म्हणाला.

नाझनीननं वहीतल्या फुलाला एक पाकळी काढली. मग म्हणाली, "मी एकदा हात वर केलता मॅडम. ऐकू येत न्हाई म्हणून सांगितलं. मग तुमी आणखी मोठ्यानं बोलाया लागला. मग काय, निस्तं घुमायला लागलं."

हे मला आठवलं. जुलै होता. घशात काटा रुतल्यासारखं दुखलं होतं त्या दिवशी, पहिल्यांदा.

*

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घेतलेलं आवाज मोजायचं यंत्र माझ्याकडे घरी पडून होतं, टॉर्चएवढं. दुसऱ्या दिवशी ते आणलं आणि शेवटच्या बाकावर ठेवलं. मगदूम सर शिकवत असताना आकडा सदुसष्ट डेसिबलच्या आसपास राहायचा. माझा आवाज मोजायला माझ्याकडे आवाजच नव्हता, म्हणून हिशोब केला. बाई ओरडून बोलल्या की एक मीटरवर ऐंशी धरायला हरकत नाही. शेवटचा बाक फळ्यापासून साडेसहा मीटरवर. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, हे मी त्याच वर्गात शिकवलं होतं. तिथवर पोचायचे चौसष्ट.

तीननं कमी. सर माझ्या शेवटच्या बाकाच्या अडीच मीटर मागं उभे होते आणि मी साडेसहा मीटर पुढं. मी छाती फुटेस्तोवर ओरडले असते तरी ती बेरीज जुळली नसती. आणि माझा फळा ज्या पार्टिशनवर होता त्याच्या पलीकडे सातवीचे शेवटचे बाक होते. हे लक्षात आलं तेव्हा मी हिशोबाचा कागद उलटा करून ठेवला. चार दिवसांनी शेटे बाई डबा खाताना म्हणाल्या, "राग मानू नका हं बिरनाळे, पण तुम्ही गप्प झाल्यापासून माझी मागची पोरं फार सुधारलीत."

मगदूम सरांशी बोलायला हवं होतं. ते शाळेत सगळ्यांत जुने, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. उंच, पांढऱ्या मिशा, आणि ज्याला त्याला हसून मान डोलवणारे. त्यांच्याशी बोलणं कठीण, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे. विचारा एक, ते सांगणार दुसरंच. "सर, चहा घेणार?" म्हटलं की "छान छान, सांगलीला उतरलो," असं काहीतरी. लोक हसायचे. मीही हसायचे.

मधल्या सुट्टीत ते नववीच्या वर्गात एकटे बसून डबा खात होते. मी समोर बसले आणि पाटी त्यांच्यापुढे ठेवली: सर, तुमचा आवाज माझ्या मागच्या बाकांवर सदुसष्ट डेसिबल येतो. माझा चौसष्ट. थोडा कमी करता येईल का?

मला भीती होती की ते चिडतील. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि लगेच म्हणाले, "एवढा? नाही हो. मी साधाच बोलतो."

लगेच म्हणाले. मुद्द्याचं म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्या एखाद्या वाक्याला असं सरळ उत्तर दिल्याचं मला आठवेना.

मी लिहिलं: तुमच्यामुळे माझी मागची मुलं नववीचा भूगोल शिकली आहेत.

ते मोठ्यानं हसले. "फी घ्या मग त्यांच्याकडनं." मग माझ्या पाटीकडे बोट करून म्हणाले, "हे बरंय बघा. तुमचं बोलणं आज पहिल्यांदा नीट कळतंय मला."

आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं. त्यांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

माझ्यामागे दाराजवळ मुलांनी एक बाक पाडला. दणकन आवाज झाला आणि मी दचकले. सर दचकले नाहीत. मला दचकलेली बघून मग ते दचकले.

मी हळू लिहिलं: किती दिवस?

"डावा कान गेला सात-आठ वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "उजवा आता चाललाय." ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते, म्हणजे अख्ख्या गोदामात ऐकू जाईल अशा. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. त्यांना किती खाली आणायचा ते कळत नव्हतं. तोंड माझ्या कानाजवळ आणून ते म्हणाले, "मिसेसला माहिताय. बाकी कुणाला नाही. बाई, दोन वर्षं राहिलीत. कळलं तर 'तुम्हाला काय ऐकू येतं' म्हणून घरी बसवतील. पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

मशीन का लावत नाही?

"दिसतं ते."

वर्गात मुलं प्रश्न विचारतात तेव्हा?

"ओठ बघतो. पुढच्या दोन बाकांचे दिसतात. मागचे…" त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मागच्यांना मी विचारतच नाही."

म्हणजे त्या पत्र्याखाली एक माणूस स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलत होता. त्याच्यावर आवाज काढायचा म्हणून मी ओरडत होते. माझ्यावर काढायचा म्हणून शेटे बाई. आणि टोकाला ऑफिसात बसून उपाध्ये मॅडम ऐकत होत्या, की शाळा कशी छान चालू आहे.



"सांगणार का मॅडमना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही. मग खिशातून यंत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि लिहिलं: बोला.

"काय बोलू?"

आकडा बहात्तरवर गेला. मी हातानं खाली, खाली अशी खूण केली.

"आता? … आता? … एवढा हळू? अहो, हा कुजबुजल्यासारखा वाटतो."

छप्पन. मी अंगठा वर केला. ते त्या आकड्याकडे टक लावून बघत राहिले.

"म्हणजे लोक एवढ्यावर बोलतात," ते म्हणाले.

*

पुढची व्यवस्था आम्ही पाटीवरच ठरवली. एका तासात दोघांनी एकदम बोलायचं नाही. सरांनी एक काठी आणली, वर पिवळं फडकं बांधलेली. ती पार्टिशनच्या वर आली की नववीत बोलणं चालू, तेव्हा आठवीची मुलं सोडवणार, लिहिणार, जोडीत एकमेकांना समजावणार. काठी खाली गेली की माझी पाळी. तासातली पंधरा मिनिटं त्यांची, पंधरा माझी, उरलेली हजेरीत आणि धांदलीत जायची. यंत्र सरांच्या टेबलावर असायचं. साठच्या वर आकडा गेला की पहिल्या बाकावरच्या मुलीनं डस्टर वाजवायचा, असं ठरलं. तो सरांना ऐकू यायचा नाही, दिसायचा.

माझे बोलायचे दिवस सुरू झाले तेव्हा मी उभी राहायची जागा बदलली. वर्गाच्या मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मध्ये. आणि "कळलं का?" विचारणं सोडलं. त्याऐवजी मागच्या बाकावरच्या कुणाला तरी सांगायचं, की मी आत्ता काय म्हटलं ते पार्थला समजावून दे. पहिले काही दिवस भयंकर गेले. पंधरा मिनिटांत काय शिकवणार? मी धड्यातलं निम्मं गाळलं. गाळताना जीव जायचा.

नाझनीननं पार्थला पहिल्यांदा समजावलं ते निर्वाताबद्दल. "हवाच न्हाई तर आवाज कशावर बसून येणार?" ती म्हणाली. तो म्हणाला, "मॅडमनी केलतं ते प्रात्यक्षिक." तिनं त्याला सांगितलं, ते प्रात्यक्षिक नव्हतं, मॅडमचा घसा फुटला होता. मला वाटतं, बऱ्याच जणांना ते तेव्हाच कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उपाध्ये मॅडम तरातरा आल्या. काठी वर होती. नववीत सर बोलत होते, हळू, आणि आठवीत मुलं कुजबुजत गणितं सोडवत होती.

"बिरनाळे, हे काय? महिना झाला, आठवीतून आवाज नाही. आता नववीतूनही बंद झाला. मगदूमांना पण लागण झाली का? शेरा लिहायचाय मला. काय लिहू?"

सगळा वर्ग उभा राहिला. बोलायची परवानगी मला होती, पण ओरडायची नव्हती, आणि ओरडल्याशिवाय त्यांना पटवायचं कसं हे मला माहीत नव्हतं.

"मॅडम, मागं बसता का जरा?" मी म्हटलं. "शेवटच्या बाकावर."

"कशाला?"

"पंधरा मिनिटं फक्त."

त्या कुरकुरत बसल्या. नाझनीननं सरकून जागा दिली. काठी खाली गेली. मी प्रतिध्वनीचा भाग घेतला, साध्या आवाजात, मधोमध उभं राहून. दोनदा वाटलं, आवाज चढवावा. समोर मुख्याध्यापक बसले असले की तो आपोआप चढतो. मी शेजारच्या बाकाची कड घट्ट धरून ठेवली. शेवटी मागच्या बाकाला विचारलं, गोदाम रिकामं असताना आपला आवाज घुमतो आणि वर्ग भरला की कमी घुमतो, असं का?

नाझनीन उठली. "पोरं आवाज खात्यात, मॅडम. कपडे, दप्तरं. पत्रा आन भिंत परत टाकती, पोरं टाकत न्हाईत."

उपाध्ये मॅडमनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "ही मुजावर ना? हिच्याच बापाला बोलावलं होतंस ना तू?"

"हो."

त्या आणखी काही वेळ तिथंच बसून राहिल्या. काठी वर गेली, नववीत सर बोलायला लागले. त्या कान देऊन ऐकत होत्या. मग छताकडे बघितलं, पार्टिशनकडे बघितलं. उठताना इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं.

"दहा वर्षं मी तिकडून ऐकतेय," त्या म्हणाल्या. "इथं कधी बसलेच नाही."

त्यांनी लिहिलेला शेरा मी पुढं जूनमध्ये कायम झाल्याच्या पत्राबरोबर पाहिला. "वर्ग शांत असतो. शिक्षिकेचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत समजतं." मगदूम सरांनी त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत कानात मशीन बसवलं, सहज दिसणार नाही असं लहान. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "काय हो हा पंख्यांचा आवाज. तुम्ही लोक सहन कसा करता?" दोन वर्षांनी ते रीतसर निवृत्त झाले. आता ते नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

त्याआधी एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, मी सांगलीला डॉक्टरांकडे गेले होते.

"मग?" ते म्हणाले. "शाळा सोडली?"

"नाही."

"तास कमी केले?"

"सातच आहेत. बोलते कमी."

"आणि पोरं?"

"ती बोलतात."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं आणि घड्याळ हातात घेतलं. "श्वास घ्या. जोर लावू नका."

मी "आ" म्हटलं. खिडकीबाहेर एक रिक्षा सुरू झाली, निघून गेली. मी थांबले तेव्हा त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि माझ्या कागदावर आधीच्या चारच्या खाली आकडा लिहिला.

सतरा.